मालक नसलेल्यांची संघटना

मुलांनो, दारावर भाजी विकायला येणाऱ्या मावशींचा मालक कोण? वर्गात विचारलं, तर एकजण म्हणाला, "त्याच!" अगदी बरोबर. पण मग त्यांनी हक्क मागायचा कुणाकडे?

अहमदाबादेत इलाबेन भट्ट भाजीवाल्या, ओझी वाहणाऱ्या, घरी शिवणकाम करणाऱ्या बायकांची 'सेवा' ही संघटना नोंदवायला गेल्या, तेव्हा सरकारी कचेरीत हीच अडचण निघाली. मालकच नाही, तर भांडणार कुणाशी? इलाबेनचं म्हणणं, संघटना काही फक्त भांडायला नसते, कष्टकऱ्यांनी एकत्र यायलाही असते. हेका सोडला नाही हो त्यांनी! १९७२ साली नोंदणी झाली.

आपल्या पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांनी 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' काढली. पूर्वी पोतं पाहून लोक त्यांना चोर समजत, पोलीस हटकत. पंचायतीनं ओळखपत्रं दिली, पुढे महापालिकेनंही ती मान्य केली.