बगळा, विमान आणि आपण इंजिनिअर

'कार्टून काय बघायचं, आपण काय लहान आहोत का?' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हायाओ मियाझाकी या जपानी आजोबांचा सिनेमा एकदा तरी मोठ्या पडद्यावर बघावा. त्यांचा 'द बॉय अँड द हेरॉन' जुलै २०२३ मध्ये जपानमध्ये लागला तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. मार्च २०२४ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं आणि मे २०२४ मध्ये तो भारतातल्या थिएटरमध्ये आला.

आधी थोडं गणित करू. सिनेमा १२४ मिनिटांचा, सेकंदाला २४ फ्रेम. म्हणजे १,७८,५६० फ्रेम! एकेक चित्र तीन-तीन फ्रेम वापरलं तरी ढोबळ हिशोब साठ हजारांच्या घरात जातो. आणि यातलं बहुतेक काम हाताने काढलेलं. आपली एक ड्रॉइंग शीट पूर्ण करताना काय होतं ते आठवा!

मग लॅपटॉपवर का बघू नये? कारण यात शांतता भरपूर आहे, आणि होस्टेलवर आपण अशा जागी लगेच दहा सेकंद पुढे ढकलतो. मियाझाकी या रिकाम्या जागेला 'मा' म्हणतात, म्हणजे दोन टाळ्यांमधला वेळ. तबल्याच्या दोन मात्रांमधली जागा काढून टाकली तर ताल राहील का? तसंच हे. थिएटरच्या अंधारात रिमोट आपल्या हातात नसतो, म्हणून ती जागा जाणवते.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धातल्या जपानची. महितोची आई हॉस्पिटलला लागलेल्या आगीत जाते. विमानांचा कारखाना चालवणारे वडील त्याला गावाकडे आणतात. तिथे एक बोलणारा बगळा त्याला जुन्या मनोऱ्यातून वेगळ्याच जगात नेतो. पण आपण लक्ष द्यावं असा प्रसंग त्याआधीच येतो. घरात लढाऊ विमानांच्या कॉकपिटची पारदर्शक झाकणं ओळीने मांडून ठेवली आहेत. बघत राहावं असं देखणं काम! पण ते कशासाठी? युद्धासाठी. मियाझाकींच्या घरच्या कारखान्यातही झीरो या लढाऊ विमानाचे सुटे भाग बनायचे.

जपानची ती युद्धं सोलापूरला परकी नाहीत. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, ते जपानी आक्रमणात जखमी झालेल्यांवर उपचार करायला. १९४२ मध्ये ते तिथेच वारले. एकीकडे विमानं बनवणारे कुशल हात, दुसरीकडे जखमांना टाके घालणारे कुशल हात.

सिनेमाच्या शेवटी मनोऱ्यातला म्हातारा दगडी ठोकळे पुढे करून महितोला म्हणतो, की माझं हे जग आता तू सांभाळ. महितो काय उत्तर देतो ते इथे सांगत नाही, बघाच. प्लेसमेंटच्या वेळी 'पॅकेज किती?' हे आपण सगळेच विचारतो. 'बनवायचं काय, आणि कुणासाठी?' हेही विचारायला काय हरकत आहे?