बेलभंडार ते च्यायला
बोली जुन्नर-आंबेगावची : भाग ९

मागच्या आठवड्यात शिव्यांकडे वळायचं कबूल केलं होतं. पण शिवीआधी शपथ घ्यावी लागेल, कारण दोघींचं माहेर एकच.

बेल्ह्याच्या बैलबाजारात विकणारा बैलाच्या वशिंडावर हात ठेवतो. "लक्ष्मीवर हात ठिवून सांगतो पाव्हणं, मारका न्हाई." पाव्हणा मान डोलावतो आणि तरीही बैलाचा जबडा उघडून दात मोजतो.

मराठेशाहीत शपथेचं असं हसं होत नसे. वतनाचा तंटा कागदांनी नि साक्षींनी सुटला नाही, तर गोतसभा दिव्य करायला लावी. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा. मग हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहोर करायची आणि तिसऱ्या दिवशी ती चारचौघांत सोडायची. फोड नसेल तर वतन त्याचं! त्यामानानं बेलभंडार सौम्य. बेल शंकराचा, भंडारा खंडोबाचा. तो उचलून दिलेला शब्द सरदारांच्या करारांतही चाले. जुन्नरात धामणखेल आणि आंबेगावात धामणी ही खंडोबाची ठाणी असल्यावर इथल्या माणसाला साक्षीदार देव शोधायला लांब जावं लागत नव्हतं. सनदांच्या शेवटी हिंदूला गाईची आणि मुसलमानाला डुकराची आण घातलेली असे. साक्ष देणाऱ्याला त्याच्या बेचाळीस पूर्वजांची आठवण करून देत. बांधावरच्या भांडणात आपण ज्या बेचाळीस पिढ्या उद्धारतो, त्या ह्याच.

इंग्रजांचंही असंच झालं. 'गॉड्स वूंड्स', म्हणजे देवाच्या जखमांची शपथ, झिजून 'झूंड्स' झाली. 1606 साली रंगभूमीवर देवाचं नाव उगाच घेणाऱ्याला दहा पौंड दंडाचा कायदा आला. शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' 1622 च्या छापील प्रतीत अशा शपथांसकट आहे. 1623 च्या संग्रहात त्या बहुतेक गाळल्या आहेत.

आपल्याकडे देवाला कुणी कात्री लावली नाही. 'अरे देवा', 'शिव शिव', 'राम राम राम' दिवसभर बिनधास्त चालतं. कात्री लागली ती आईला. 'त्याच्या आयला' मधला 'त्या' गेला, पुढचं क्रियापद तर कधीच गेलं, आणि मधला 'च्यायला' तेवढा उरला. आता तो टोमॅटोचा भाव पडला तरी येतो आणि वाढला तरी येतो. शपथेतही तीच माउली. 'आईशप्पथ' एके काळी जीव टांगणीला लावून म्हणायचं. हल्ली नवी मोटारसायकल दिसली तरी तोंडातून निघतं. माझ्या मते देवापेक्षा आईचा धाक मोठा, म्हणून तिचंच नाव अर्धवट गिळावं लागलं. पटत नसेल तर घरात वडिलधाऱ्यांसमोर 'च्यायला' पूर्ण उच्चारून बघा.

खरी शपथ अजून पाळतात ती पोरंच. गळ्याची कातडी चिमटीत धरून 'गळ्याशप्पथ' म्हणतात, आणि घातलेली शपथ फेडायला समोरच्याला 'सुटली म्हण' असं बजावतात. तो 'सुटली' म्हणेपर्यंत पठ्ठ्या हलत नाही.

नारायणगावच्या तमाशातला सोंगाड्या 'तुझ्या आय...' वर थांबतो आणि बाकीचं ढोलकीवर सोडतो. ही अर्धी शिवी आणि तिची बतावणीतली जागा पुढच्या भागात.