विसांव्याचें घर आणि आपले दोन तास



भिवपुरी रोड स्टेशनवर सकाळची गाडी धरणाऱ्या मंडळींत एखादें कुटुंब असें दिसतें कीं, तें कामावर निघालेलें नसतें. मुलाच्या हातांत कागदांची पिशवी असते, आणि दुसऱ्या हातानें त्यानें आजारी वडिलांना सांवरलेलें असतें. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें. तेव्हांपासून कर्करोगाच्या उपचारासाठीं अशीं कुटुंबें दूरदूरच्या गांवांहून तेथें जात आलीं आहेत. ही ये-जा कांहीं महिने चालते. मग एखाद्या दिवशीं डॉक्टर सांगतात कीं, आतां रोग हटविण्याचा उपाय राहिला नाहीं. त्या दिवसापासून गाडी बंद होते, आणि त्या घराचा खरा कसोटीचा काळ सुरू होतो.

उपचार संपला म्हणजे करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. रोग हटत नसला तरी वेदना हटवितां येते, एकटेपणा हटवितां येतो. यासाठीं जीं घरें चालविलीं जातात त्यांना हॉस्पिस म्हणतात. आपण त्यांस विसांव्याचीं घरें म्हणूं. त्यांपैकीं वेदनेचें काम डॉक्टरांचें आणि परिचारिकांचें. एकटेपणा हटविण्याचें काम मात्र बव्हंशीं आपल्यासारख्या स्वयंसेवकांचें आहे, आणि त्याविषयींच मी आज बोलणार आहें.

या चळवळीच्या मुळाशींही स्वयंसेवाच आहे. लंडनमधील सिसिली साँडर्स या बाई १९४८ च्या सुमारास सेंट ल्यूक्स या मरणोन्मुख रुग्णांच्या रुग्णालयांत दिवसाची नोकरी संपवून सायंकाळीं विनावेतन शुश्रूषा करण्यास जात. तेथें त्यांनीं पाहिलें कीं, वेदनेचें औषध रोग्यानें कण्हून मागण्याची वाट न पाहतां ठराविक वेळीं दिलें, तर वेदना पुन्हां डोकें वरच काढीत नाहीं. हें पाहून त्या पुढें स्वतः डॉक्टर झाल्या, आणि १९६७ सालीं त्यांनीं सेंट क्रिस्टोफर्स हें हॉस्पिस उघडलें. आपल्याकडे मुंबईस वांद्र्याला, माउंट मेरीच्या परिसरांत, डॉ. लुईस डिसोझा यांनीं १९८६ सालीं शांति आवेदना आश्रम सुरू केला. भारतांतील हें पहिलें हॉस्पिस. पुण्याला वारजे येथें १९९७ सालीं सिप्ला संस्थेचें केंद्र निघालें.

अशा घरांत स्वयंसेवक काय करतो? तो इंजेक्शन देत नाहीं, औषधाची मात्रा ठरवीत नाहीं. तो वर्तमानपत्र वाचून दाखवितो, पत्र लिहून देतो, पेला ओठांशीं धरतो, केस विंचरतो. कोणास भजन ऐकावयाचें असेल तर म्हणतो. कोणास गप्प बसावयाचें असेल तर त्याच्याबरोबर गप्प बसतो. हें शेवटचें काम सर्वांत कठीण. ज्याला लिहिण्याची आवड असेल त्यानें कचेरींतील नोंदी कराव्या. ज्याला शिवणकाम येतें त्यानें चादरी शिवाव्या. एक मात्र ध्यानांत ठेवावें : ज्याच्या स्वतःच्या घरीं नुकताच मृत्यू घडला असेल त्यानें कांहीं काळ थांबावें; आपलें दुःख ताजें असतां दुसऱ्याचें उचलतां येत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, “भिवपुरीहून दादर, तेथें गाडी बदलून वांद्रें, सारा दिवस प्रवासांतच गेला.” शंका रास्त आहे. ज्याला सुटीचा दिवस देतां येईल त्यानें आधीं विचारून अवश्य जावें. पण सेवेला भिंतींचें घर लागतेंच असें नाहीं. केरळांत १९९९ नंतर मलप्पुरम जिल्ह्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांचीं मंडळें निघालीं. आठवड्यास दोन तास देऊं शकणाऱ्या कोणासही त्यांनीं घेतलें, सोळा तासांचें वर्गशिक्षण दिलें, आणि अनुभवी मंडळींबरोबर रोग्यांच्या घरीं पाठविलें. परिचारिका ठराविक दिवशीं घरीं येई. मधल्या दिवसांचा भार शेजारी उचलीत. २००८ सालीं केरळ सरकारनें या सेवेचें धोरणच जाहीर केलें. तेथें जें शेतकऱ्यांनीं, दुकानदारांनीं आणि विद्यार्थ्यांनीं केलें, तें आपल्या गांवांत आणि डोंगराकडील वाड्यांत कां होऊं नये?

त्यासाठीं कांहीं साध्या गोष्टी शिकाव्या लागतील. रोग्याला अंथरुणांत सुमारें दर दोन तासांनीं कूस बदलून द्यावी, म्हणजे पाठीला जखमा होत नाहींत. तोंड कोरडें पडलें तर ओल्या स्वच्छ फडक्यानें ओठ भिजवावे. वेदना केव्हां उठली, किती वेळ टिकली, हें वहींत लिहून ठेवावें. डॉक्टरांस या नोंदीचा फार उपयोग होतो. “दोन घास तरी खा” असा आग्रह धरूं नये, कारण शेवटच्या दिवसांत भूक आपोआप मंदावते आणि बळें भरविलेला घास छातींत जाण्याचें भय असतें. मॉर्फिनसारखें औषध डॉक्टरांच्या सांगण्यावांचून कमीजास्त करूं नये. रोग्यानें “मी बरा होईन का?” असें विचारलें, तर खोटी आशाही लावूं नये आणि निकालही सुनावूं नये. “तुम्हांला काय वाटतें, आजोबा?” असें विचारावें, आणि मग ऐकत राहावें. जें ऐकलें तें चावडीवर नेऊं नये.

त्या घरांत आणखी एक माणूस झिजत असतें, आणि त्याच्याकडे आपलें लक्षच जात नाहीं. बहुधा ती पत्नी असते, नाहीं तर सून. कित्येक रात्री तिचा डोळ्याला डोळा लागलेला नसतो. भेटावयास येणारे पुष्कळ असतात, पण त्यांच्यासाठीं चहा तिलाच ठेवावा लागतो. तिला जाऊन कोणी म्हणावें, “वहिनी, दोन तास निजा, मी बसतों.” आणि पुढच्या आठवड्यांत त्याच दिवशीं, त्याच वेळीं पुन्हां जावें. न चुकतां येणारे दोन तास हे एका दिवसाच्या मोठ्या उत्साहापेक्षां अधिक मोलाचे आहेत. कारण रोगी दाराकडे डोळे लावून वाट पाहत असतो, आणि चुकलेल्या फेरीची भरपाई करण्यास त्याच्यापाशीं पुढचे महिने नसतात.

म्हणून आरंभ लहान असावा. चार-पांच जणांनीं एकत्र यावें, गांवच्या आशा सेविकेस विचारावें कीं, असें अंथरुणाला खिळलेलें माणूस कोणाच्या घरीं आहे. घरच्यांची संमति घ्यावी, आणि वार वांटून घ्यावे. मरण आपल्याला चुकवितां येत नाहीं. पण तें एकट्यानें, कण्हत आणि भिंतीकडे तोंड करून यावें, हें मात्र आपण चुकवूं शकतों.