भरपाईचा हिशेब – लेखांक ६ : आकडा पटला नाही तर

मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलफलाटावर २० एप्रिल २०१० रोजी स्फोट झाला. अकरा कामगारांचा जीव गेला आणि गळती थांबायला ८७ दिवस लागले. त्या उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांचा आणि बोटवाल्यांचा हंगाम बुडाला. बीपी कंपनीशी झालेली भरपाईची तडजोड न्यू ऑर्लिन्सचे न्यायाधीश कार्ल बार्बियर यांनी डिसेंबर २०१२ मध्ये मंजूर केली. दावा कोणाला करता येत होता ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आता अपिलाकडे वळू.

आधी आकडा कसा निघायचा ते पाहायला हवं. मे ते डिसेंबर २०१० यातले सलग तीन किंवा जास्त महिने घ्यायचे आणि त्यांची तुलना आधीच्या वर्षांतल्या त्याच महिन्यांशी करायची. समजा, एका काल्पनिक हॉटेलचा तीन महिन्यांचा धंदा पूर्वी ३,००,००० डॉलरचा होता आणि बदलता खर्च १,२०,००० चा. २०१० मध्ये धंदा १,६०,००० वर आला, खर्च ७०,००० वर. म्हणजे पूर्वी हातात १,८०,००० राहायचे, आता ९०,०००. नुकसान ९०,००० डॉलर. भाडं, विमा असे स्थिर खर्च यात धरायचेच नाहीत, कारण ते गिऱ्हाईक आलं नाही तरी भरावे लागतात. यावर विभाग आणि धंद्याचा प्रकार पाहून गुणक लागायचा, तो तूर्त सोडून देऊ.

भांडण व्हायचं ते इथेच. दुरुस्ती-देखभालीवर पूर्वी ४०,००० जायचे, २०१० मध्ये १०,००० गेले. हा खर्च बदलत्या रकान्यात आहे तोवर नुकसान ९०,०००. तोच स्थिर ठरला तर १,२०,०००! तीस हजार डॉलर एका रकान्यावर लटकलेले. त्यामुळे अशा अपिलात वकिलाइतकाच, खरं तर जास्तच, हिशेब लिहिणारा माणूस कामाला येतो.

पायरी अशी : आधी दावा प्रशासकाकडे फेरविचाराची मागणी, मग अपील. २५,००० डॉलरच्या वरच्या भरपाईविरुद्ध बीपीलाही अपील करता यायचं. दहा लाखांपर्यंत एक पंच, त्यावर तीन.

या पंचांचे हात मात्र एका विलक्षण नियमाने बांधलेले होते. दोन्ही बाजूंनी आपापला अंतिम आकडा द्यायचा आणि पंचाने त्यातला एकच निवडायचा. मधला आकडा काढायला बंदी. अमेरिकेत बेसबॉलपटूंच्या पगाराचे वाद असेच सुटतात, म्हणून याला बेसबॉल पद्धत म्हणतात. आपल्याला सवय वेगळी : दोन लाख मागावेत, समोरच्याने एक म्हणावं, दीडवर तुटावं. इथे ती सवय महागात पडते. आपला हॉटेलवाला २,००,००० वर अडून बसला, बीपी ९०,००० वर राहिली आणि पंचाला मनातून १,२०,००० बरोबर वाटले, तर बीपीचा आकडा जवळचा म्हणून हॉटेलवाला ९०,००० वरच थांबतो. तोच १,२५,००० म्हणाला असता तर जिंकला असता. पद्धत क्रूर वाटते, पण दोन्ही बाजूंना शहाणं करते, असं माझं मत आहे. बीपीनेही अतिरेकी कमी आकडा दिला की तिचंच नुकसान.

सगळ्यात मोठा वाद महिन्यांचा झाला. जानेवारीत केलेल्या कामाचे पैसे ठेकेदाराला जूनमध्ये मिळाले, तर ते कोणत्या महिन्यात धरायचे? जूनमध्ये धरले तर त्या महिन्याची मिळकत फुगते, आणि नको तिथे खड्डाही दिसू शकतो. असे खोटे खड्डे भरून देणार नाही, ही बीपीची तक्रार. ऑक्टोबर २०१३ मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने मिळकत आणि खर्च योग्य महिन्यांत धरण्याच्या या जुळणीकडे पुन्हा पाहायला लावलं. मग खास नियमावली आली आणि मे २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने तिच्यातल्या काही धंद्यांसाठीच्या खास पद्धती रद्द केल्या. मधल्या काळात ज्यांचे दावे अडकले, त्यांना तेच हिशेब पुन्हा नव्या नियमाने मांडावे लागले.

आपल्याकडे काय? मे २०१६ मध्ये डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला तेव्हा आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. भोपाळनंतर १९९१ साली आलेल्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याच्या मूळ परिशिष्टात मालमत्तेच्या नुकसानीला मर्यादा होती ६,००० रुपये, आणि बुडालेल्या नफ्याचं कलमच नव्हतं. मग दुकानदाराने दाद कुठे मागायची, ते पुढच्या लेखांकात.