विद्यापीठातील आदिवासी विद्यार्थी आणि कल्याणमित्रता

अहिल्यानगर जिल्ह्याचा अकोले तालुका ही महादेव कोळी व ठाकर समाजांची भूमी. इंग्रजांविरुद्ध उठाव करून २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेलेले राघोजी भांगरे येथल्या देवगावचे. देशी बियाणे जपून २०२० सालच्या पद्मश्रीस पात्र ठरलेल्या राहीबाई पोपेरे कोंभाळण्याच्या. हा वारसा असूनही येथील विद्यार्थी पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात पोहोचतो तेव्हा त्याच्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात : राहावे कोठे, आणि आपली ओळख सांगावी कशी?

पहिल्या प्रश्नाचे मोल बाबासाहेबांनी आरंभीच जाणले होते. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात तिचे वसतिगृह सुरू झाले. निवारा व दोन वेळचे अन्न यांवाचून खेड्यातील मुलाचे शिक्षण टिकत नाही, हे त्यामागील सूत्र होते. आज आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे तेच कार्य करतात. तेथे प्रवेश न मिळाल्यास ‘पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्’ योजनेतून भोजन, निवास व शैक्षणिक साहित्यासाठी रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. बोलीला कोणी हसले की मुलगा बोलणेच टाकतो. आडनाव विचारले की जमात लपवतो. अशा वेळी उपयोगी पडते ती आपल्या माणसांची संगत. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनी विद्यार्थी एकत्र येतात, कांबड नाच धरतात. गावच्या बोहाड्याची आठवण निघते. १९६२ साली पुण्यात स्थापन झालेल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात आपल्या घरातील वस्तू मानाने मांडलेल्या पाहिल्या की संकोच गळून पडतो.

तथागतांनी आनंदाला कल्याणमित्रता हेच संपूर्ण धम्मजीवन असल्याचे सांगितले. आमच्या मते विद्यापीठात नव्या मुलाला हवा असतो तो असाच कल्याणमित्र. पालकांनी जमातीच्या दाखल्याची पडताळणी वेळेत करून घ्यावी. कागदाअभावी प्रवेश हुकणे फार दुःखदायक असते. माजी विद्यार्थ्यांनी अर्ज भरण्यास, खोली शोधण्यास, पहिली परीक्षा पार पाडण्यास हात द्यावा. शासन छप्पर देऊ शकते. त्याखाली आपलेपण आपणच निर्माण करावयाचे आहे.