माळावरचं गाव आणि अठराव्या वर्षाचा प्रश्न

अनाथ मुलांसाठी काही करावं असं मनात आलं, की आपण वह्या देतो, कपडे देतो, एखाद्या दिवसाचं गोडधोड जेवण देतो. ते चांगलंच आहे. पण परभणीत हा विषय निघाला की काही जण मला विचारतात, ‘जिंतूर-गंगाखेडकडच्या माळावर या मुलांचं एक गावच वसवता येईल का? स्वतःच्या शेतीवर चालणारं?’

अशा गावाची कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात पोरक्या झालेल्या मुलांसाठी हर्मन ग्माइनर यांनी १९४९ साली ऑस्ट्रियात इम्स्ट इथं पहिलं बालग्राम सुरू केलं. मोठी वसतिगृहं नकोत, छोटी घरं हवीत. प्रत्येक घरात एक आई आणि आठ-दहा भावंडं, ही त्यामागची दृष्टी. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आपल्या शेजारी लातूरलाही असं बालग्राम उभं राहिलं.

त्याच लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या हासेगावला रवी बापटले यांनी २००७ मध्ये एचआयव्हीबाधित अनाथ मुलांसाठी ‘सेवालय’ सुरू केलं. २००९ मध्ये ही मुलं गावच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा इतर पालकांनी आपली मुलं शाळेत पाठवणं थांबवलं. एकत्र बसल्यानं, खेळल्यानं हा विषाणू पसरत नाही; तरी भीती होतीच. मात्र २००४ पासून देशात सरकारी मोफत औषधं सुरू झाली होती. त्यामुळं जी मुलं जगतील की नाही असं वाटायचं, ती जगली, वाढली, अठरा वर्षांची झाली. आता यांनी जायचं कुठं? या प्रश्नातून तिथं ‘हॅपी इंडियन व्हिलेज’ उभं राहिलं. मोठी झालेली मुलं तिथं राहतात, काम करतात, त्यांची लग्नंही होतात. गाव लागतं ते यासाठी. लहान मुलाला घर पुरतं. तरुणाला काम लागतं, माणसं लागतात.

आता आपल्या माळाचा हिशेब मांडू. शंभर माणसं धरा. माणशी ५५ लिटर म्हटलं तरी रोज साडेपाच हजार आणि वर्षाला वीस लाख लिटर पाणी हवं. एक हजार चौरस मीटर छपरावर आठशे मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तर सहा लाख चाळीस हजार लिटर हाती येतं. म्हणजे जेमतेम चार महिन्यांची सोय. उरलेल्यासाठी विहीर, शेततळं, बांधबंदिस्ती आधी, इमारत नंतर. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण विसरू नये.

धान्याचंही तसंच. माणशी चारशे ग्रॅम धरलं तर वर्षाला १४६ क्विंटल लागतं. कोरडवाहू ज्वारी एकरी पाच क्विंटल आली तर तीस एकर त्यातच जातात. म्हणून पहिल्या दिवसापासून संपूर्ण स्वावलंबनाचा हट्ट धरू नये. भाजीपाला, दूध, अंडी यांपासून सुरुवात करावी. परभणीचं कृषी विद्यापीठ हाताशी आहे, त्याचा सल्ला घ्यावा. शिक्षणाला आणि औषधाला रोख पैसा लागणारच. त्यासाठी समाजाकडं जावं लागलं तर त्यात कमीपणा नाही. आणि शेतीचा भार मुलांच्या खांद्यावर टाकू नये. त्यांनी मातीत हात घालावा तो शिकण्यासाठी. शाळा बुडवून नव्हे.

कायदाही समजून घ्यायला हवा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार संस्थेची नोंदणी लागते आणि मूल बाल कल्याण समितीच्या आदेशानंच ठेवता येतं. मनात आलं आणि चार मुलं आणून ठेवली, असं चालत नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठीच ते नियम आहेत. अठरानंतर एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे. महाराष्ट्रानं २०१८ मध्ये अनाथांना एक टक्का समांतर आरक्षणही दिलं. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. ते मूल संस्थेत असतानाच काढून ठेवावं.

तेव्हा विचारणाऱ्यांना मी सांगतो, गाव जरूर वसवा. पण ते फार लांबच्या माळावर नको. शाळा, दवाखाना आणि बाजार पायी गाठता येईल, शेजारच्या गावची पोरं संध्याकाळी खेळायला येतील, इतकं ते जवळ असू द्या. कुंपणाआडचं गाव कितीही स्वावलंबी झालं, तरी त्यातली मुलं पोरकीच राहतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)