एका जन्मात वाचावयाची पुस्तके

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आम्हांस बाजारभावांवर न लिहिता पुस्तकांवर लिहावे अशी सूचना केली. ‘प्रत्येकाने जन्मात एकदा तरी वाचलीच पाहिजेत अशी पुस्तके’ हा विषय. अशा याद्या पुष्कळ निघतात. त्यांत शंभर-शंभर नावे असतात, आणि ती यादी वाचूनच माणूस इतका थकतो की पुस्तकापर्यंत पोहोचत नाही. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरते. पुढील सारे आयुष्य तूर, हरभरा आणि गहू यांच्या पोत्यांत गेले. तेव्हा विद्वानांस शोभेल अशी यादी आमच्याकडून होणार नाही. पांढुर्णा-सौसरच्या बाजारात दुकान चालविणाऱ्या कुटुंबाने कपाटात ठेवावीत, आणि केवळ ठेवू नयेत तर उघडावीत, अशी चार-पाच पुस्तके तेवढी येथे सांगावयाची आहेत.

पहिले पुस्तक एका व्यापाऱ्याचेच आहे. बनारसीदास हे जौनपूरच्या श्रीमाळ जैन कुळातले, जन्म इ. स. 1586 चा. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, इ. स. 1641 मध्ये, आग्र्यास त्यांनी स्वतःची जीवनकथा पद्यात लिहिली. मनुष्याचे आयुष्य एकशेदहा वर्षांचे मानून आपले अर्धे सांगून झाले, म्हणून नाव ठेवले ‘अर्धकथानक’. भारतीय भाषांतील पहिले आत्मचरित्र म्हणून अभ्यासक त्याचा उल्लेख करतात. आमच्या दृष्टीने त्याचे महत्त्व निराळे आहे. हा गृहस्थ आपला तोटा लपवीत नाही. बापाने दिलेली रत्ने, तूप, तेल, कापड घेऊन आग्र्यास गेला आणि भांडवल गमावून बसला. कचोरीवाल्याकडे कित्येक महिने उधारीवर जेवला. आणि त्या दिवसांत संध्याकाळी दहावीस माणसे जमवून त्यांस प्रेमकथा वाचून दाखवीत असे. तो कचोरीवालाही त्या श्रोत्यांतलाच. नऊ अपत्ये झाली, एकही वाचले नाही, हेही त्याच संयमाने सांगितले आहे. इ. स. 1605 मध्ये अकबर बादशहाच्या मृत्यूची वार्ता आली तेव्हा जौनपुरात दुकाने कशी बंद झाली, लोकांनी दागिने कसे पुरले आणि जाडेभरडे कपडे कसे अंगावर चढविले, हे वर्णन इतिहासाच्या मोठ्या ग्रंथांतून मिळणार नाही. ते दुकानदाराच्या डोळ्यांनीच पाहावे लागते.

याच पुस्तकात एक मौजेचा प्रसंग आहे. तरुण बनारसीदास पोथ्यांत रमलेला पाहून वडीलधारी मंडळी त्यास बजावतात की फार वाचणे हे ब्राह्मणांचे आणि भाटांचे काम, वाण्याच्या मुलाने दुकानावर बसावे. चारशे वर्षे झाली. आमच्या कानांवर हा उपदेश आजही अधूनमधून येतो. ज्यास तो केला त्याने तो मानला नाही, आणि मानला नाही म्हणूनच त्या घराचे नाव आज आपणांस ठाऊक आहे. पुढे कुंदकुंदाचार्यांच्या ‘समयसारा’च्या आधारे त्याने ‘समयसार नाटक’ही रचले. ‘अर्धकथानक’ लोकांसमोर आणण्यात पंडित नाथूराम प्रेमी यांचा मोठा वाटा आहे. ते आपल्याच मध्यप्रदेशातील सागर जिल्ह्याचे, आणि त्यांची प्रकाशनसंस्था मात्र मुंबईत होती.

दुसरे पुस्तक भास्कराचार्यांची ‘लीलावती’, इ. स. 1150 ची. गणिताचा ग्रंथ म्हटल्यावर वाचक पान उलटतील, म्हणून त्यातील धान्याच्या राशीचे प्रकरण येथे थोडे उलगडून सांगतो. सपाट जमिनीवर धान्य ओतले म्हणजे त्याचा शंकूसारखा ढीग होतो. आचार्य सांगतात की या ढिगाची उंची परिघावरूनच काढता येते: हरभऱ्यासारखे जाड धान्य असेल तर परिघाचा दहावा भाग, मोहरीसारखे बारीक असेल तर अकरावा, आणि साळीसारखे कुसळाचे असेल तर नववा. कारण उघड आहे. बारीक दाणा घसरतो, ढीग बसका होतो. कुसळे एकमेकांस धरून ठेवतात, ढीग उभा राहतो. ज्याने खळ्यात उभे राहून हा फरक पाहिला नसेल त्यास हा नियम सुचणार नाही. मग परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करावा आणि त्यास उंचीने गुणावे. परीघ 60 हात धरा. सहावा भाग 10, त्याचा वर्ग 100. हरभऱ्याच्या ढिगाची उंची 6 हात, म्हणून माप 600 घनहात. त्याच परिघाची मोहरी 545 घनहातांहून किंचित अधिक भरेल, आणि साळ 666 पूर्णांक दोन तृतीयांश.

आजच्या भूमितीने ताळा केला तर हे उत्तर शेकडा पावणेपाचाच्या सुमारास जास्त येते, कारण व्यवहाराच्या सोयीसाठी येथे वर्तुळाचा परीघ व्यासाच्या तिप्पट धरला आहे. अर्थात विकणारा या सूत्रावर खूश राहील आणि घेणारा तराजू मागेल! परंतु मंडीत काटा बिघडला असता केवळ एका दोरीने ढिगाचा अदमास घेणारा मुनीम आज किती दुकानांत सापडेल? भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला. त्याचा शिलालेख इ. स. 1207 च्या सुमाराचा आहे. ‘लीलावती’च्याही आधी तीन शतके राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ लिहिला, आणि त्यात व्याजाची व भागीदारीची उदाहरणे भरपूर आहेत. मुलांस शिकवणीला पाठविण्यापूर्वी घरी यांतली चार उदाहरणे सोडवून घ्यावीत.

तिसरे पुस्तक आमच्या काही बांधवांस रुचणार नाही. ते महात्मा जोतीराव फुले यांचे ‘शेतकऱ्याचा असूड’, इ. स. 1883 चे. त्यात शेतकऱ्याच्या दैन्यास कारण म्हणून भटकामगार आणि गोरे अंमलदार जसे धारेवर धरले आहेत तसे सावकारही धरले आहेत, आणि त्यांत गुजर-मारवाडी सावकार आहेत. ही भाषा तिखट आहे. परंतु ती आकाशातून पडलेली नाही. आठच वर्षे आधी, 12 मे 1875 रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी उठाव केला. तो गावोगाव पसरला, आणि जागोजागी सावकारांकडील कर्जरोखे व दस्तऐवज हिसकावून जाळण्यात आले. रोख सारा कागदांवर होता, कारण ते कागद शेतकऱ्यास वाचता येत नव्हते आणि त्यांवर अंगठा मात्र त्याचा होता. सरकारने चौकशी केली आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला.

ही हकीकत आपण कोणत्या बाजूने वाचावी? आमच्या मते, कर्जरोखा ज्याच्या पेटीत आहे त्यानेच ती अधिक काळजीपूर्वक वाचावी. वही ही आपल्या धंद्याची साक्ष होय. परंतु समोरच्यास वाचता न येणारी वही ही एकाच पक्षाची साक्ष असते. हंगामापूर्वी उचल घेणारा संत्र्याचा, कपाशीचा, तुरीचा शेतकरी आजही आपल्या दुकानाच्या पायरीवर बसतो. त्याच्या मनात आपल्याविषयी काय आहे, हे तो तोंडावर सांगत नाही. जोतीरावांनी ते सांगितले आहे. शिवाय हे पुस्तक नुसते आरोपांचे नव्हे; बांध घालावेत, तळी व धरणे करावीत, पावसाबरोबर वाहून जाणारी माती शेतात अडवावी, जनावरांची निपज सुधारावी, अशा उपायांचे शेवटचे प्रकरण त्यात आहे. ‘दीनबंधु’ पत्राने याची आरंभीची प्रकरणे छापून पुढील छापण्याचे थांबविले. संपूर्ण पुस्तक जोतीरावांच्या हयातीत छापून निघाले नाही. जे पुस्तक छापण्यास स्नेह्यांनाही संकोच वाटला ते वाचण्यास आपणांस संकोच वाटला तर नवल नाही, तरीही वाचावे.

महात्मा गांधींच्या ‘सत्याच्या प्रयोगां’विषयी फार लिहीत नाही, बहुतेकांच्या घरी ते आहे. फक्त रायचंदभाईंचे प्रकरण अवश्य काढून वाचावे. हिरेमोत्यांचा लाखोंचा सौदा संपताच हा जवाहिरा गादीवरच धर्मग्रंथ किंवा आपली वही उघडून आत्मचिंतन लिहू लागे, हे गांधीजींनी स्वतः पाहून लिहिले आहे. दुकान आणि वाचन यांचे वैर आहे असे म्हणणाऱ्यास याहून निराळे उत्तर देण्याची गरज नाही.

घरातील भगिनींनी, आणि त्यांच्याहून अधिक घरातील पुरुषांनी, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे गिरविलेल्या या बाईंनी असे मराठी लिहिले की पदवीधरांनी पाहत राहावे. त्यांच्या संसाराचा काही काळ राजनांदगावी गेला. नवरा धर्म सोडून निघून गेला असता घरात एकटी राहिलेली स्त्री काय भोगते, हे रडू न आणता, उलट हसवीत सांगणे फार कठीण आहे.

येथे कोणी म्हणेल की धर्मग्रंथांचे नाव कसे नाही? ते प्रत्येकाने आपापल्या गुरूंस विचारावे. आम्ही फक्त कारंजाची गोष्ट सांगतो. वऱ्हाडातील कारंजा लाडच्या जैन मंदिरांतील भांडारांत बासनांत बांधलेल्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या पूजिल्या जात होत्या. अमरावतीच्या महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी ती बासने सोडून वाचली, तेव्हा पुष्पदंतासारख्या अपभ्रंश महाकवीचे काव्य जगापुढे आले. पुढे त्यांनीच अमरावतीहून 1939 पासून ‘षट्खंडागम’ धवला टीकेसह सोळा खंडांत काढले. त्याच्या ताडपत्री प्रती दूर कर्नाटकात मूडबिद्री येथे जपलेल्या होत्या. जपणाऱ्यांचे ऋण आहेच, पण अर्थ लागला तो वाचणाऱ्यामुळे.

राहिली भाषेची अडचण, आणि ती आपल्या दोन्ही गावांत खरी आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा व सौसर मिळून निराळा जिल्हा झाला, तरी शाळेची भाषा बहुधा हिंदी, आणि आता इंग्रजी. नातू आजीशी मराठी बोलतो, पण ‘स्मृतिचित्रे’ हाती दिली तर अडखळतो. आजीस ‘अर्धकथानका’ची जुनी हिंदी जड जाते. म्हणून आमची सूचना अशी की नातवाने रोज रात्री दुकान बंद झाल्यावर आजीस बनारसीदासाची चार पाने अर्थासह वाचून दाखवावीत, आणि आजीने त्यास लक्ष्मीबाईंची चार पाने. ‘असूड’ मात्र बापाने स्वतः वाचावा, शक्य तर हंगाम सुरू होण्याच्या आधी. श्रुतपंचमीस किंवा ज्ञानपंचमीस, ज्याची जी परंपरा असेल त्या दिवशी, ग्रंथ बाहेर काढून झटकण्याचा प्रघात आपल्याकडे आहेच. यंदा झटकून झाल्यावर लगेच पुन्हा बांधू नयेत.